सुईच्या भोकातून येणारं पाणी

मॅकिन्टॉश म्हटलं की आमच्या कॉम्प्युटर ब्रँचच्या मंडळींना ॲपल आठवतं. त्या कॉम्प्युटरचं नाव एका सफरचंदाच्या जातीवरून पडलं आणि त्या जातीचं नाव कॅनडातल्या जॉन मॅकिन्टॉश नावाच्या शेतकऱ्यावरून. आपला माणूस तो नव्हे. माझी मावशी हॉस्पिटलात सिस्टर आहे. तिच्या लेखी मॅकिन्टॉश म्हणजे पेशंटच्या चादरीखाली अंथरायचं रबरी कापड, आणि या बाबतीत मावशी आपल्या सगळ्यांपेक्षा बरोबर आहे. कारण ते कापड ज्याच्या नावावर आहे, तोच हा चार्ल्स मॅकिन्टॉश. जन्म २९ डिसेंबर १७६६, ग्लासगो, स्कॉटलंड.

मित्रहो, मी मेकॅनिकलची. मग रेनकोटवाल्या माणसावर मी का लिहावं? तर ज्या मोटारीचं छत कापडाचं असतं आणि मागे दुमडता येतं, त्या छताच्या पोटात आजही याच माणसाची कल्पना आहे. पावसात ते छत गळतं ते ज्या कारणाने, त्याच कारणाने हा माणूस जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी हैराण झाला होता. मला त्याच्या यशापेक्षा ही हैराणी जास्त इंटरेस्टिंग वाटली. (माझं मराठी कॉन्व्हेंटी आहे. जमेल तितकं सांभाळलंय, उरलेलं तुम्ही सांभाळून घ्या.)

चार्ल्सचे वडील जॉर्ज मॅकिन्टॉश यांचा ग्लासगोत कडबेअर नावाचा जांभळट रंग बनवायचा कारखाना होता. हा रंग खडकांवर वाढणाऱ्या दगडफुलासारख्या वनस्पतीपासून निघतो, पण तो काढायला अमोनिया लागतो. त्या काळात अमोनिया बाटलीत मिळत नव्हता. मग तो कुठून आणायचा? तर गावातल्या घराघरांतून लघवी गोळा करायची. कॉलेजच्या मॅगझिनमध्ये हे छापतील की नाही माहीत नाही, पण केमिस्ट्री ती केमिस्ट्री. रंगाची कृती बाहेर फुटू नये म्हणून जॉर्जसाहेबांनी कारखान्याभोवती उंच भिंत बांधली होती आणि कामाला हायलँडमधली, गेलिक बोलणारी माणसं ठेवली होती. १७८५ मध्ये त्यांनी डेव्हिड डेल यांच्याबरोबर फ्रान्सहून पापिलाँ नावाचा रंगारी आणवून टर्की रेड या लाल रंगाचाही धंदा सुरू केला. थोडक्यात, घरात वास भरपूर आणि एकाचा टाकाऊ माल म्हणजे दुसऱ्याचा कच्चा माल, हे लहानपणापासून समोर दिसत होतं.

पोराला त्यांनी एका पेढीवर कारकून म्हणून चिकटवलं. तो दिवसा खातेवह्या भरायचा आणि उरलेल्या वेळात केमिस्ट्री शिकायचा. ग्लासगोत विल्यम अर्विन आणि नंतर एडिंबरात जोसेफ ब्लॅक यांची व्याख्यानं त्याने ऐकली. ब्लॅक म्हणजे लेटंट हीटवाले ब्लॅक, थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या युनिटमध्ये आपल्याला भेटतात तेच. विसाव्या वर्षाच्या आतच चार्ल्सने नोकरी सोडली आणि स्वतःचा रसायनांचा धंदा मांडला. मी सध्या वीस वर्षांची आहे आणि सबमिशनच्या फायली रंगवते, हे इथे सहज सांगून टाकते.

नवसागर, लेड ॲसिटेट, तुरटी, एकामागून एक तो करत गेला. १७९७ मध्ये ग्लासगोजवळ हर्लेट इथे तुरटीचा कारखाना निघाला, त्यात तो भागीदार होता. चार्ल्स टेनंट या उद्योगपतीबरोबरही त्याची भागीदारी होती. टेनंटने १७९९ मध्ये ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. कोरड्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडायचा, तो चुन्यात मुरतो आणि पावडर पोत्यात भरून कुठेही नेता येते. त्याआधी कापड पांढरं करायचं म्हणजे ते महिनोन्महिने माळावर उन्हात पसरून ठेवावं लागे. या शोधात मॅकिन्टॉशचा वाटा मोठा होता असं मानतात, पण पेटंटवर नाव टेनंटचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे पारडं उलटं फिरणार आहे.

आता मुख्य भाग. १८१७-१८ च्या सुमाराला ग्लासगोत रस्त्यावरचे दिवे गॅसवर जळू लागले. हा गॅस दगडी कोळसा बंद भांड्यात तापवून काढत. गॅस निघाला की मागे दोन नको असलेल्या गोष्टी उरायच्या, एक अमोनियाचं पाणी आणि दुसरं काळंकुट्ट डांबर. गॅस कंपनीला ते टाकायचं कुठे हाच प्रश्न. १८१९ च्या सुमाराला मॅकिन्टॉशने कंपनीशी करार केला की हा सगळा गाळ मी घेतो. त्याला हवा होता अमोनिया, वडिलांच्या रंगासाठी. डांबर फुकटात गळ्यात पडलं. पण रंगाऱ्याच्या घरात वाढलेला माणूस काही टाकून देत नाही. त्याने डांबराचं ऊर्ध्वपातन केलं. जड भाग वेगळा झाला आणि वर नॅफ्था आला, म्हणजे भसकन पेट घेणारं, पटकन उडून जाणारं, उग्र वासाचं पातळ तेल. याचं काय करायचं?

इकडे रबराची स्थिती अशी होती की दक्षिण अमेरिकेतून गोळे यायचे आणि मुख्य उपयोग पेन्सिल खोडायला. रबर पाणी आत येऊ देत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते कापडावर पसरायचं कसं? टर्पेंटाइनमध्ये विरघळवलं तर चिकट राही, लवकर वाळत नसे. ईथरमध्ये छान विरघळे, पण ईथर परवडणार कोणाला? कोळशाच्या नॅफ्थात मात्र रबर विरघळलं, पातळ थर दिला की नॅफ्था उडून गेला आणि मागे रबराची सलग कातडी राहिली. तुम्हाला हे बघायचं असेल तर सायकलच्या दुकानात जा. पंक्चरवाला ट्यूबमधून जे सोल्युशन पिळतो ते याच जातीचं द्रावण. तोच वास, तेच फुंकर मारून वाळवणं.

इथे एक नाव घेतलंच पाहिजे. जेम्स साइम नावाच्या एडिंबराच्या मेडिकल स्टुडंटने हे १८१८ मध्येच शोधलं होतं आणि छापलंही होतं. त्याने पेटंट घेतलं नाही. पुढे तो फार मोठा सर्जन झाला, अँटिसेप्टिक सर्जरीचा जनक जोसेफ लिस्टर त्याचा जावई. म्हणजे त्याचं काही बिघडलं नाही. तरीपण वॉटरप्रूफ कापडाबद्दल बोलताना कोणी साइमचं नाव घेत नाही. ब्लीचिंग पावडरमध्ये मॅकिन्टॉशचं जे झालं ते इथे साइमचं झालं. माझं स्वतःचं मत असं की विरघळवणं साइमचं, पण कापड मॅकिन्टॉशचंच. कारण त्याने पुढे जे केलं ते लॅबमधलं काम नव्हतं.

रबर लावलेलं कापड चिकट असतं. अंगाला चिकटतं, खुर्चीला चिकटतं, घडी घातली की स्वतःलाच चिकटतं. मॅकिन्टॉशने ते चिकट तोंड दुसऱ्या कापडाने झाकलं. दोन कापडं, मध्ये रबर, आणि सगळं रोलरमधून दाबून एक. सँडविच म्हणा किंवा पुरणपोळी म्हणा. आतून बाहेरून साधं कापड, पाणी अडवणारा थर पोटात. १७ जून १८२३ ला त्याला पेटंट मिळालं. त्याच वर्षी रॉयल सोसायटीनेही त्याला फेलो करून घेतलं. मग मँचेस्टरच्या बर्ली घराण्यातल्या गिरणीमालकांना भागीदार घेऊन तिथे कारखाना उभा राहिला, कारण कापड मँचेस्टरचं आणि गिऱ्हाईकही तिथलंच.

आणि कापड खरंच पाणी सोडत नव्हतं. गळत होता तो कोट!

हे कसं? कंपनी कापडाचे तागे विकायची. गिऱ्हाईक तागा घेऊन आपल्या नेहमीच्या शिंप्याकडे जायचं. शिंपी बिचारा इतर कापडासारखाच तोही शिवायचा, बारीक सुबक टाके घालून. प्रत्येक टाक्याला सुई रबराच्या थरातून आरपार जायची. एका कोटाला किती टाके? हजारो. म्हणजे हजारो भोकं, आणि प्रत्येक भोकात दिव्याच्या वातीसारखा सुती दोरा. दोरा बाहेरचं पाणी ओढून घेतो आणि आत सोडतो. जितका शिंपी निगुतीचा, जितके टाके जास्त, तितका कोट जास्त गळका. बदनामी मात्र कापडाची व्हायची. त्यात भर म्हणजे कच्चं रबर उन्हाळ्यात पाघळायचं, थंडीत कडक व्हायचं, लोकरीतल्या तेलकटपणाने खराब व्हायचं आणि नॅफ्थाचा वास तर दूरवरून यायचा. पण या बाकीच्या तक्रारींवर त्या काळात पूर्ण इलाज नव्हता. शिवणीवर होता.

मला हे वाचण्याआधीच पाठ होतं म्हणायला हरकत नाही. चिपळूणला माझ्या मामाकडे एक जुनी जीप आहे, कापडी हुडाची. दोन वर्षांपूर्वी मामाने नवीन हूड शिवून घेतलं. कापड उत्तम, वरून रेक्झीन, आतून जाड सुती. पहिल्याच पावसात डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या गुडघ्यावर टपटप सुरू. मामा म्हणाला कापडच बोगस. मग मी आत टॉर्च घेऊन बसले आणि मामेभावाने बाहेरून पाइपने पाणी मारलं. आधी खालच्या बाजूला, मग हळूहळू वर, कारण एकदम वरून मारलं तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. कापडाच्या मधल्या भागाला हात लावला तर खडखडीत कोरडं. पाणी येत होतं ते समोरच्या काचेच्या वरच्या शिवणीतून, आणि आतल्या बाजूने ओघळत जाऊन दीड फूट लांब गुडघ्यावर पडत होतं. जिथे थेंब पडतो तिथे भोक नसतं, हे त्या दिवशी समजलं. पंक्चरवाल्या काकांनी हूड उतरवून दोन दिवस वाळवलं, आतल्या सुती बाजूने शिवण घासली, सोल्युशनचे दोन हात दिले आणि त्यावर पातळ ट्यूबची पट्टी बसवली. गुडघे वाचले.

काकांनी जे केलं तेच मँचेस्टरच्या कंपनीला करावं लागलं होतं. शिंप्यांना सांगून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही. शेवटी कंपनीने स्वतःच कपडे शिवायला घेतले आणि शिवणीवर रबराचं द्रावण देऊन त्या बंद केल्या. रसायनांचा कारखानदार म्हातारपणी शिंपीकामात पडला असं समजा. कापड बनवलं, आमचं काम संपलं, असं म्हणून हात झटकता आले नाहीत.

या कामात त्याला जो माणूस भेटला तोही आपल्या विषयातलाच. टॉमस हॅनकॉक लंडनचा. हा आणि त्याचा भाऊ घोडागाड्या बांधणारे. टपावर बसून भिजणाऱ्या उतारूंसाठी पाणी न गळणारं कापड हवं, म्हणून तो रबराच्या नादी लागला असं सांगतात. त्याचा दुसरा भाऊ वॉल्टर याने पुढे वाफेवर चालणाऱ्या बस लंडनच्या रस्त्यावर चालवल्या, तो वेगळाच लेख होईल. टॉमसने १८२० मध्ये रबराचे तुकडे चघळून त्यांचा एकजीव गोळा करणारं यंत्र केलं. कोणाला कळू नये म्हणून तो त्याला पिकल म्हणायचा, म्हणजे चक्क लोणचं! असं चघळलेलं रबर थोड्या नॅफ्थातही विरघळायचं. द्रावण घट्ट, थर जाड, वास कमी. हॅनकॉकने १८२५ मध्ये मॅकिन्टॉशकडून लायसन्स घेतलं आणि पुढे कंपनीत भागीदार झाला. १८३६ मध्ये लंडनच्या रेशमाच्या व्यापाऱ्यांविरुद्ध पेटंटचा खटला झाला, तो मॅकिन्टॉशच्या बाजूने लागला. पण तोवर रेल्वे येत होती. टपावर बसून भिजणारे उतारू कमी होत चालले, आणि तशी कोटांची मागणीही.

आजच्या सॉफ्ट टॉप मोटारीचं छत उलगडून पाहिलं तर तेच पुरण सापडतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांना डबल डक नावाचं कापड लावत, दोन सुती थर आणि मध्ये रबर. हल्लीच्या चांगल्या छतांत वर ॲक्रिलिक, मध्ये रबराचा थर, खाली अस्तर. त्यातून पाणी आरपार येणं जवळपास अशक्य. तरी गाड्या गळतात. कारणं ठरलेली. शिवणीचा दोरा झिजला. काचेच्या कडेचं रबरी बीडिंग दबून चपटं झालं, ते कागदाची पट्टी दारात अडकवून ओढली की कळतं, सैल सुटली तर तिथे सील बसत नाही. आणि तिसरं, जे कोणी बघतच नाही, ते म्हणजे निचऱ्याच्या नळ्या. पुष्कळ गाड्यांत छताच्या कडेने येणारं पाणी एका पन्हळीत जमतं आणि नळ्यांतून खाली उतरतं. पाचोळ्याने नळी तुंबली की पन्हळ भरून पाणी कार्पेटखाली जातं, आणि मालक छत बदलायला निघतो. अशा वेळी जाड नायलॉनची दोरी हळूच घालून नळी मोकळी करावी. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, नळी आतल्या आत निसटू शकते. शिवणीवर सीलर लावायचा तर कापड पूर्ण कोरडं हवं. सिलिकॉन फासू नये, कारण त्यावर नंतर दुसरं काही चिकटत नाही. आणि डाग काढायला पेट्रोल तर मुळीच नको. पेट्रोल नॅफ्थाचंच भावंडं, रबराला फुगवतं.

मॅकिन्टॉशची आणखी एक गळती सांगते, ही मात्र त्याला बंद करता आली नाही. १८२५ मध्ये त्याने स्टील बनवायच्या नव्या पद्धतीचं पेटंट घेतलं. बंद भांड्यात लोखंड पांढरंफटक होईपर्यंत तापवायचं आणि त्यावरून कोळशाचा गॅस सोडायचा. गॅसमधला कार्बन लोखंडात शिरतो. हे वाचून मी उडालेच, कारण गिअरच्या दातांना कडक करण्यासाठी आज जे गॅस कार्बुरायझिंग करतात, त्याचं तत्त्व हेच. प्रक्रिया बरोबर होती, वेगवानही होती. पण इतक्या उष्णतेत भट्टीचे सांधे गॅसला अडवेनात. कोटाच्या शिवणीला रबर फासता येतं, पांढऱ्याफटक भट्टीला काय फासणार? धंदा म्हणून ती पद्धत उभी राहिली नाही. मटेरियल सायन्सच्या पुस्तकात मला त्याचं नाव या संदर्भात कुठे दिसलं नाही, आणि याचं मला रेनकोटपेक्षा जास्त वाईट वाटतं.

दुसऱ्याच्या भट्टीत मात्र त्याला यश आलं. ग्लासगो गॅस वर्क्सचा मॅनेजर जेम्स नीलसन याने १८२८ मध्ये ब्लास्ट फर्नेसमध्ये थंड हवेऐवजी तापवलेली हवा फुंकायची कल्पना काढली. मॅकिन्टॉशने त्याला मदत केली आणि पेटंटात हिस्सा घेतला. क्लाइड आयर्न वर्क्समध्ये १८२९ साली एक टन लोखंडाला आठ टनांवर कोळसा लागत होता, तो १८३३ पर्यंत तीन टनांच्या आत आला. मग अर्थातच सगळ्यांनी ती पद्धत उचलली, बऱ्याच जणांनी पैसे बुडवले, आणि १८४३ पर्यंत कोर्टकचेऱ्या चालल्या. निकाल नीलसन आणि मंडळींच्या बाजूने लागला.

त्याच १८४३ च्या २५ जुलैला मॅकिन्टॉश ग्लासगोजवळच्या डनचॅटन इथे वारला. वय ७६. ग्लासगो कॅथीड्रलच्या आवारात त्याला पुरलं. उन्हात पाघळणारं आणि थंडीत कडक होणारं रबर त्याच्या हयातीत तसंच राहिलं. तिकडे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर तापवलं की ते पाघळायचं थांबतं हे शोधलं होतं. त्याचे नमुने इंग्लंडला आले आणि हॅनकॉकच्या हातात पडले. हॅनकॉक नमुन्यांवरून कामाला लागला आणि २१ नोव्हेंबर १८४३ ला त्याने व्हल्कनायझेशनचं इंग्लिश पेटंट टाकलं, गुडइयरच्या इंग्लिश अर्जाच्या काही आठवडे आधी. मॅकिन्टॉशला जाऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

कंपनी त्याच्याच नावाने पुढे बरीच वर्षं चालली आणि विसाव्या शतकात डनलॉपमध्ये गेली. मुलाने, जॉर्जने, १८४७ मध्ये त्याचं चरित्र लिहून ग्लासगोत छापलं. कोटाला मात्र लोकांनी मॅकिन्टॉश म्हणताना स्पेलिंगमध्ये एक जादा के घुसवला, आणि तो तिथेच राहिला. देवनागरीत लिहिलं की तो दिसत नाही.